औषध परवडतं, खाडा परवडत नाही: गरजू घरांतल्या कुत्र्या-मांजरांच्या उपचारांबद्दल

चेंबूरकरीण

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी गोवंडीला राहतात. मागच्या महिन्यात एका सोमवारी न सांगता आल्या नाहीत. मंगळवारी आल्या, पण गप्प. तिसरी पोळी तव्यावर टाकताना म्हणाल्या, "शेरूचं काय खरं नाही ताई." शेरू म्हणजे त्यांच्या धाकट्याने बांधकामाच्या साइटवरून उचलून आणलेलं तीन महिन्यांचं पिल्लू. शनिवारपासून उलट्या, रविवारी रक्ताची हगवण. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं तर पार्वो (पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार) आहे म्हणून सांगितलं, पाच दिवस सलाईन, रोजचे १,८००. दुसऱ्या घरातून उचल घेऊन त्यांनी पहिल्या दिवसाचे भरले. दुसऱ्या दिवशी गेल्याच नाहीत. मेडिकलवाल्याने दिलेल्या कसल्याशा गोळ्या ताकातून पाजत होत्या, त्याही उलटून पडत होत्या.

मी गाडी काढली आणि परळचा प्राण्यांचा स्वस्त दवाखाना गाठला. भाजीचा निळा क्रेट, त्यात मुलाचा शाळेचा जुना स्वेटर आणि त्यावर हे एवढंसं, मान टाकलेलं. पायाला सुई लावली, चिकटपट्टी गुंडाळली. पुढचे चार दिवस मुलगा टॅक्सीने घेऊन जायचा. नववीत आहे. घरी आल्यावर रात्रभर ती चिकटपट्टी राखत बसायचा, कारण शेरूला जरा बरं वाटायला लागल्यावर पहिलं काम त्याने कुठलं केलं असेल तर ती पट्टी कुरतडायला घेतली.

शेरू वाचला. पण नंतर मावशींबरोबर हिशेबाला बसले तेव्हा चाट पडले. केसपेपर, सलाईन, इंजेक्शनं मिळून परळला जेवढे गेले त्याच्या दुपटीहून जास्त टॅक्सीला गेले. बसमध्ये क्रेट चढू देत नाहीत, लोकलचा प्रश्नच नाही, रिक्षावाले कुत्रं बघून मीटर पाडतच नाहीत आणि पाडला तरी रिक्षा सायनच्या पुढे जात नाही. वर मावशींचे दोन खाडे चार घरचे, त्यातल्या एका घराने पैसे कापले. मुलाची चाचणी परीक्षा बुडाली ती वेगळीच.

म्हणजे स्वस्त दवाखाना आहे, पण तो "आहे तिथे" आहे. हा खाडा कसा वाचवायचा? आमच्या भागात महिन्यातून एकदा लसीकरणाचं शिबिर घ्यायचं डोक्यात आहे. कुणी केलंय का? तुमच्या गावी काय सोय आहे? अनुभव लिहा.

परळचा_पोपट

बैलघोडा हॉस्पिटल! आमच्या चाळीत कुणीही त्याला बाई साकरबाई म्हणत नसे. पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट. सर दिनशा माणेकजी पेटिटांनी मदत केली आणि बायकोचं नाव दिलं. ते चालवणारी, प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी मुंबईतली संस्था १८७४ची. गंमत म्हणजे मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तीही १८७४मध्येच. रस्त्यावर घोडे, बैल, टांगे, खटारे, म्हणजे आजच्या भाषेत सगळी वाहतूकच चार पायांवर. तेव्हा तो दवाखाना गरिबाच्या लाडक्या कुत्र्यासाठी नव्हताच, गरिबाच्या पोटापाण्यासाठी होता. खटारेवाल्याचा बैल लंगडला की चूल बंद. १८८६ला तिथेच पशुवैद्यकीय कॉलेज आलं.

लहानपणी पोपट घेऊन गेलो होतो, म्हणून हे नाव. पोपट पाळणं बेकायदा आहे हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

स्पष्टवक्ता७१

राग येईल, तरी लिहितो. परवडत नाही तर पाळायचं कशाला? स्वतःच्या मुलाची चाचणी बुडवून कुत्रं वाचवायचं, ही कुठली प्राथमिकता? उद्या लोक म्हणतील मांजरालाही रेशनकार्ड द्या.

रानवारा

@स्पष्टवक्ता७१, वस्तीतलं कुत्रं कुणी "पाळायला आणत" नाही हो. ते येतं. आधी दारात बसतं, मग भाकरी मिळते, मग पोरं नाव ठेवतात, आणि एकदा नाव ठेवलं की झालं. मी मानखुर्दला आठ वर्षं शिकवते. बाया पहाटे अंधारात नळावर जातात तेव्हा पुढे कुत्रं लागतं. मांजर नसेल तर उंदीर पोरांच्या टाचा कुरतडतात, हे मी माझ्या वर्गातल्या मुलाच्या टाचेवर बघितलंय.

आणि तुम्हाला कुत्र्याचं काही पडलेलं नसेल तरी हरकत नाही. आठ बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक बिनलसीचं कुत्रं झोपतं. त्याला रेबीज झाला तर पुढे काय ते सांगायला नको.

स्पष्टवक्ता७१

लसीचं मान्य. सलाईनचं नाही. माझ्या मुद्द्याचं उत्तर मिळालेलं नाही.

डॉ_गोचीड

(नाव गमतीचं आहे, डिग्री खरी. तेरा वर्षं प्रॅक्टिस, त्यातली चार शिबिरांत.)

धागाकर्तीने दुखरी नस पकडली आहे. आम्हा लोकांना पेशंट "परत आला नाही" एवढंच दिसतं. का आला नाही, ते केसपेपरवर येत नाही.

आधी पार्वोबद्दल. विषाणूला मारणारं रोजच्या वापरातलं औषध आमच्याकडे नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि आतड्यातून रक्तात घुसणाऱ्या जंतूंसाठी अँटिबायोटिक, यांच्या आधाराने पिल्लाला चार-पाच दिवस तगवून धरायचं, तोवर त्याचं शरीर लढतं. म्हणून एक दिवस उपचार करून थांबणं म्हणजे पैसेही गेले आणि पिल्लूही. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने नेमका हाच पैशांचा पेच डोळ्यासमोर ठेवून एक पद्धत बसवली. सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन पिल्लू सावरायचं, मग दाखल न करता पाठीच्या सैल कातडीखाली सलाईन आणि दिवसाला एक उलटीचं इंजेक्शन. त्यांच्या छोट्या अभ्यासात पूर्ण दाखल करून उपचार केलेली साधारण ९० टक्के पिल्लं वाचली आणि या साध्या पद्धतीची ८० टक्के. दहा टक्क्यांचा फरक आहे, नाही असं नाही. पण आपल्याकडे तुलना त्या ९० टक्क्यांशी नसते, "काहीच केलं नाही"शी असते. पहिल्या दिवशीच डॉक्टरांना सरळ सांगा, माझ्याकडे इतके पैसे आहेत, रोज येणं जमणार नाही, यात काय बसेल? हे सांगायला लोक लाजतात आणि दुसऱ्या दिवशी येतच नाहीत.

औषधांचं: डॉक्सिसायक्लिन (गोचीड तापाला लागतं), मेट्रोनिडॅझोल, ओन्डानसेट्रॉन, ही माणसांचीच औषधं आम्ही वापरतो. चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून मागा आणि जनऔषधीच्या दुकानात बघा. फरक डोळ्याला दिसण्याइतका पडतो. मात्र डोस डॉक्टरनेच ठरवायचा.

खाजगीवाल्यांच्या बाजूनेही बोलतो. १,८०० ऐकून "लूट" म्हणणं सोपं आहे. मुंबईत गाळ्याचं भाडं, दोन मदतनीस, ऑटोक्लेव्ह, वीज, एक्सपायर झालेल्या लसी. माणसाच्या दवाखान्यात विमा असतो, सरकारी योजना असते. इथे सगळं त्या एका क्रेटवाल्याच्या खिशातून येतं.

आता शिबिराबद्दल, आणि इथे एक अंकगणित आहे. रेबीजची लस एका डोसाच्या कुपीतही येते आणि दहा डोसांच्या कुपीतही. दहाची घेतली तर एका डोसाला बरीच स्वस्त पडते. पण एकदा सुई घातली की ती त्याच दिवशी संपवायची, उद्यावर टाकायची नाही. दवाखान्यात दिवसभरात दहा कुत्री लसीला येतीलच असं नाही, म्हणून आम्ही एकेक डोसाची उघडतो आणि तुम्हाला महाग पडते. शिबिरात एका सकाळी दहा जमतात. शिबिर स्वस्त असतं ते डॉक्टर पुण्यवान असतात म्हणून नव्हे, कुपी वाया जात नाही म्हणून.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कागद घाला. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना रेबीजची देत नाही. तापलेल्या, मलूल जनावराला त्या दिवशी टोचायचं नाही, पुढची तारीख द्यायची. आणि टोचणार तो नोंदणीकृत पशुवैद्य किंवा त्याच्या देखरेखीखालचा माणूस, कंपाउंडर एकटा नाही. दाखल्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा, पुढे महापालिकेच्या परवान्याला तोच लागतो.

मनीमाऊ_मातोश्री

डॉक्टर, एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहा ना. मांजराला क्रोसिन देऊ नका! आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी "अंग गरम लागतंय" म्हणून पाव गोळी दुधातून दिली. संध्याकाळपर्यंत हिरड्या चॉकलेटी, तोंड सुजलेलं. नाही वाचली. आजी अजून रडतात.

डॉ_गोचीड

मांजराला पॅरासिटामॉल (क्रोसिनमधलं औषध) कधीही नाही. पाव नाही, चिमूटभर नाही. मांजराच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. दर महिन्याला एक तरी केस अशीच येते, आणि दरवेळी घरच्यांनी ते प्रेमानेच दिलेलं असतं.

वैदर्भीय_वडा

मुंबई-पुण्याबाहेरच्यांसाठी: पशुवैद्यकीय कॉलेजांचे स्वतःचे दवाखाने असतात. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, मुंबईला परळ, आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था. विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट लागतात, आपल्याला उपचार. एका कुत्र्याभोवती आठ जण वही घेऊन उभे राहतात, कुत्र्याला जरा व्हीआयपी वाटतं. आमच्या कुत्रीचं गर्भाशय पू भरल्यामुळे काढावं लागलं, ते नागपूरला अशाच ठिकाणी झालं. बाहेर सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरला नाही खर्च. वेळेत नसबंदी केली असती तर ही वेळच आली नसती, हे तिथल्या मॅडमनी आठ विद्यार्थ्यांसमोर ऐकवलं, ते सोसलं.

जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत. मुख्य काम गाई-म्हशींचं, पण कुत्र्याला हाकलत नाहीत. ६ जुलै आणि २८ सप्टेंबर लक्षात ठेवा. पहिला दिवस पाश्चरने पहिल्यांदा माणसाला रेबीजची लस टोचली तो, १८८५चा. दुसरा त्याचा स्मृतिदिन. या दोन तारखांना बऱ्याच सरकारी दवाखान्यांत कुत्र्यांना फुकट टोचतात.

माणदेशी_मेंढका

तुमी समदी कुत्र्या-मांजरांवर बोलताय, मी शेरडांवर बोलतो. पाळीव त्ये पाळीवच की.

आमच्या माण तालुक्यात बाईमाणसाचं एटीएम म्हंजी शेळी. सरकारी दवाखाना बारा किलोमीटर. शेळी आजारी पडली की पैलं गळ्यात दोरी अडकवून चालवत न्यायची, आन् पोचंस्तोवर ती मरायची. आता पशुसखी हायत. गावातलीच बाई, ट्रेनिंग घेतल्याली, सरकारच्या उमेद योजनेतल्या बचतगटातली. पावसाच्या आधी आंत्रविषाराची (शेरडांच्या आतड्याच्या रोगाची) लस द्यायला डॉक्टरला बोलावून वाडी गोळा करती, जंताचं औषध पाजती, खुरं बघती, आन् आपल्या हातचं नसंल तर डॉक्टरला फोन लावती. शेळीमागं थोडं पैसं घेती. फुकट करत न्हाई, म्हणून टिकलीया. माझी भावजयच त्ये काम करती. थर्मामीटर कमरंच्या पिशवीत, फोनपेचा कागद बी त्याच पिशवीत.

दवाखाना दारात आला की खाडा होत न्हाई. ताईंचा सवाल त्योच हाय न्हवं?

आन् हो, १९६२ या नंबरावर फोन केला तर फिरता दवाखाना येतो, फुकटचा नंबर हाय. गावाकडच्यांनी लिहून ठेवा.

चेंबूरकरीण

@माणदेशी_मेंढका, अगदी हाच. "फुकट करत न्हाई, म्हणून टिकलीया" हे वाक्य मी मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय. फुकट म्हटलं की बाया येत न्हाईत, वाटतं एक्सपायरीचं असंल." शिबिराला वीस रुपये ठेवायचं तिथेच ठरलं.

टेम्सकाठची

लंडनहून. इथे पीडीएसए नावाची संस्था आहे. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन नावाच्या बाईंनी ईस्ट एंडमधल्या व्हाइटचॅपलला एका तळघरात सुरू केली. गरिबांचे आजारी प्राणी आणा, उपचार फुकट, अशी पाटी लावली होती. लोक गाढवं, कोंबड्या, मांजरं घेऊन रांगा लावायला लागले. पुढे बाईंनी घोडागाडीवरच दवाखाना चढवला आणि गावोगाव फिरवला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याही लक्षात आलं होतं की माणूस येत नसेल तर आपण जायचं.

आज तिथे उपचार हवे असतील तर दोन गोष्टी बघतात. तुम्हाला ठरावीक सरकारी भत्ते मिळतात का, आणि तुमचा पोस्टकोड त्यांच्या एखाद्या दवाखान्याच्या हद्दीत येतो का. दुसरी अट मला आधी जाचक वाटायची. हा धागा वाचून कळलं, लांबच्या माणसाला "फुकट" म्हणण्यात अर्थ नसतो.

माझ्या शेजारच्या एकट्या आजोबांचं मांजर तिथे जातं. मधुमेह आहे मांजराला. आजोबा रोज दोनदा इन्सुलिन टोचतात, स्वतःची गोळी मात्र विसरतात.

स्पष्टवक्ता७१

तिकडे भत्ते आहेत, इकडे रस्त्याला खड्डे आहेत. तुलना नको.

रानवारा

बरं, जवळची तुलना देते. गोवा. २०१३पासून मिशन रेबीज या संस्थेचे लोक सरकारबरोबर तिथे वाड्या-वाड्यांत फिरतात. कुत्र्याने दवाखान्यात यायची वाटच बघत नाहीत. जाळी घेऊन जातात, पकडतात, टोचतात, डोक्यावर रंगाची रेघ ओढतात, फोनमध्ये नोंद करतात, सोडतात. घरातली कुत्री घरी जाऊन टोचतात. २०२१ला गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. खड्डे तिथेही आहेत.

परळचा_पोपट

+१. खड्ड्यांवर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

डॉ_गोचीड

अवांतर, पण वाचकांत कुणाला तरी उपयोगी पडेल: कुत्रा चावला तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नाही. मग सरकारी रुग्णालय, लस तिथे मोफत आहे. कुत्रा "घरचा" आहे म्हणून थांबू नका.

आणि चेंबूरकरीण, मावशींना सांगा, पार्वोचा विषाणू खोलीत महिनोन्महिने टिकतो. फिनाइलने नीट मरत नाही. एक भाग साधं ब्लीच, तीस भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. तो स्वेटर टाकून द्या. शेजारी कुणी पिल्लू आणणार असेल तर आधी त्याचं लसीकरण.

चेंबूरकरीण

सगळ्यांचे आभार, आणि आता वृत्तांत.

शिबिर झालं! आमच्या सोसायटीने हॉल द्यायला नकार दिला (सेक्रेटरींचं म्हणणं, लिफ्टला वास येईल. हॉल तळमजल्यावर आहे.). शेवटी मावशींच्याच गल्लीतल्या गणपती मंडळाने त्यांची खोली दिली. डेकोरेशनचे थर्माकोलचे खांब बाजूला सारून टेबल मांडलं. एक ओळखीच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी फी घेतली नाही, फक्त लस आणि सुयांचे पैसे. वेळ मुद्दाम रविवारी सकाळी सात ते नऊ ठेवली, म्हणजे कामावर जायच्या आधी. हे मावशींचं डोकं. मी दहा ते एक म्हणत होते, तर त्या म्हणाल्या, "दहाला आमी तुमच्याच घरी असतो ना."

दहा डोसांच्या दोन कुप्या आणल्या होत्या. साडेसातपर्यंत चार कुत्री. माझ्या पोटात गोळा. मग मावशींच्या मुलाने शेरूला खांद्यावर घेऊन गल्लीत फेरी मारली आणि आठ वाजता जी रांग लागली ती बघण्यासारखी होती. दोरी, ओढणी, एकाच्या गळ्यात बापाचा पट्टा. तोंडाला बांधायची जाळी एकच होती, ती सगळ्यात शांत कुत्र्याला बसली, बाकीच्यांना डॉक्टरीणबाईंनी गॉजची पट्टी नाकावरून फिरवून कानामागे बांधली. एक बकरी आली, एक कोंबडीही आली. कोंबडीला काही झालेलं नव्हतं, रांग दिसली म्हणून आणली.

एकवीस कुत्री झाली. म्हणजे वीस डोस आणि एक जास्त. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडची एका डोसाची कुपी त्या एकविसाव्याला उघडली आणि तिचे पैसे माझ्याकडून घेतले, बरोबरच आहे. दोघांना ताप होता, ती परत पाठवली, पुढची तारीख दिली. एका कुत्रीच्या कानात गोचिडांचा घोस निघाला. तिच्या मालकिणीला वाटत होतं ते चामखीळ आहेत.

जमले ४२० रुपये. आकडा बघून सगळे हसले. उरलेला खर्च आम्ही पाच जणींनी वाटून घेतला. तो दर महिन्याला वाटून घेणं जमणार नाही हेही दिसतंय, त्यामुळे पुढचं शिबिर तीन महिन्यांनी. मधल्या काळात आजारी पडलेल्यांना परळला न्यायला एक टेम्पोवाला तयार झालाय. तो भाजी घेऊन पहाटे दादरला जातो, जाताना पुढे परळला सोडील. परत आणणार नाही. परतीचं काही सुचत असेल तर सांगा.

मनीमाऊ_मातोश्री

वा! पण मांजरं एकही नाही?

चेंबूरकरीण

तीन आली होती, पिशवीतून. कुत्र्यांचा आवाज ऐकून पहिलीने पिशवी फाडली आणि मंडळाच्या पोटमाळ्यावर चढली, ती संध्याकाळी उतरली. बाकीच्या दोघींना बाया आल्या पावली घेऊन गेल्या. मांजरांचा वार वेगळा ठेवायचाय. डॉक्टर, पिंजरे परवडणार नाहीत. मांजर आणायचं कशात?

डॉ_गोचीड

उशीच्या अभ्र्यात. जाड सुती घ्या, तोंड सैल बांधा. अंधारात मांजर गप्प बसतं आणि टोचायचं असेल तर कापडावरूनच मागचा पाय धरता येतो. आदल्या रात्री त्याच अभ्र्यावर झोपू द्या, म्हणजे त्याला स्वतःचा वास येतो. नायलॉनची पिशवी नको, श्वास कोंडतो.

मनीमाऊ_मातोश्री

माझ्याकडे जुने सहा अभ्रे आहेत, धुऊन ठेवते. चेंबूरकरीण, व्यनि (खाजगी निरोप) बघ.